जगबुडी, वैतरणा स्टेशनवरून

शनिवार, 22 फेब्रुवारी 2014.

पहाटे 5:30. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात आत्ता मध्यरात्र झाली. म्हणजे रॅग्नारॉकचा, नॉर्स पुराणातल्या महाप्रलयाचा दिवस लागला. तिथल्या यॉर्विक व्हायकिंग सेंटरने 14 नोव्हेंबरला शिंग फुंकून शंभर दिवसांची मोजणी लावली होती. हाइमडाल देवाचं शिंग वाजलं की देवांचाही शेवट, असं ते पुराण सांगतं. तारीख मात्र पुराणात कुठेच नाही. ती सेंटरने काढली, आणि नेमकी तिथल्या व्हायकिंग महोत्सवाच्या अखेरच्या शनिवारावर आली! असा मुहूर्त आपल्या गुरुजींनाही जमायचा नाही.

मी वैतरणा स्टेशनवर. गरुडपुराणातली वैतरणी तरायला गोदान लागतं. इथे डहाणू लोकलचं तिकीट पुरतं.

सकाळी 7. सूर्य उगवला. स्कोल नावाचा लांडगा त्याला गिळणार होता. दुसरा लांडगा हाटी, तो चंद्रामागे. वर पाहिलं तर चंद्र खरंच अर्धा उरलेला. सप्तमी-अष्टमीचा, इतकंच.

8:15. महासर्प अंग घुसळणार आणि समुद्र जमिनीवर येणार, हे पुढचं लक्षण. फलाटावर पाटी घेऊन बसलेल्या मासेवाल्या मावशींना विचारलं, आज पाणी किती चढेल? "आज कसलं चढतंय? भांग हाय."

10:00. आत्याला फोन. तिने 1962ची अष्टग्रही पाहिलेली. 3 ते 5 फेब्रुवारी, मकर राशीत आठ ग्रह, देशभर होमहवन. वर 5 तारखेला खग्रास ग्रहण. आपल्या घड्याळात पहाटे पावणेसहाला ते ऐन भरात होतं, पण सावली पडली न्यू गिनीकडे. आपल्याकडे अजून उजाडायचं होतं. "जग बुडणारच म्हणून आईने डब्यातलं सगळं तूप शिऱ्यात घातलं," आत्या म्हणाली, "आणि सहा तारखेला बाबांनी कोरडी पोळी खाल्ली."

दुपारी 1:00. खाडीकाठी. इथे 92 आणि 93 नंबरचे दोन रेल्वेपूल, मधल्या बेटावर वाढीव आणि वैतीपाडा. या गावांना रस्ता नाही. शाळकरी पोरं, दूधवाले, बाजारहाट करून येणाऱ्या बाया रुळांच्या कडेने पुलावरूनच चालतात.

नॉर्स पुराणातलं मला सगळ्यात खरं वाटतं ते इथे. लांडगे, अग्निराक्षस सूर्त वगैरे मंडळी शेवटच्या अंकात येतात. पण विश्ववृक्षाच्या मुळाशी निडहॉग नावाचा नाग रोज कुरतडत असतो. त्याला शिंग लागत नाही, तारीख लागत नाही. या खाडीत वर्षानुवर्षं सक्शन पंपाने चोरटी रेती निघते, पुलाच्या पायांशी. पंपाची नळी पाण्यात सोडतात तेव्हा वरून फक्त गढूळ बुडबुडे दिसतात.

संध्याकाळी 6:40. सूर्य मावळला, न गिळता. पुलावर एक बाई, डोक्यावर पाटी. मागून मेलचा भोंगा. ती कठड्याला चिकटली, पाटी दोन्ही हातांनी दाबून धरली, मान खाली. डब्याच्या दारातून कुणी भाविकाने निर्माल्याची पिशवी खाडीच्या दिशेने भिरकावली. आतला नारळ तिच्यापासून हातभर अंतरावर लोखंडावर ठाणकन आपटला आणि पाण्यात गेला. गाडी सरली. बाईने वर पाहिलंही नाही. पाटी सावरली आणि चालू लागली.

यॉर्कात तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. दिवस संपायला अजून जवळपास अकरा तास होते.