साथनियमन आणि व्यावसायिक खेळाडू : गोव्यातील फुटबॉल व सातारा-सांगलीतील कुस्ती (२०२०-२०२२)

प्रस्तावना

साथीच्या काळात शासनाने घातलेले निर्बंध सर्वांना सारखेच लागू असतात, असे कायदा मानतो. ते पाळण्याची क्षमता मात्र समाजातील सर्व घटकांकडे सारखी नसते. कोविड-१९ च्या साथीत ही विषमता खेळाच्या क्षेत्रात ठळकपणे दिसून आली. गोव्यात व्यावसायिक फुटबॉलपटूंना कडेकोट बंदोबस्तात ठेवून पूर्ण हंगाम पार पाडण्यात आला. त्याच काळात सातारा व सांगली जिल्ह्यांतील कुस्तीची मैदाने ओस पडली. दोन्ही ठिकाणी खेळाडूचे शरीर हेच त्याच्या उपजीविकेचे साधन होते. असे असताना परिणाम इतके भिन्न का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले असताना ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचे रोग अधिनियम संमत झाला. अवघ्या काही कलमांच्या या कायद्याने शासनाला अत्यंत व्यापक अधिकार दिले. प्रवाशांची तपासणी, संशयितांचे विलगीकरण, यात्रा-जत्रांवर बंदी हे उपाय याच अधिकारातून योजले गेले. पुण्यातील अंमलबजावणीची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाली, हे सर्वश्रुत आहे. कायद्यात शिक्षेची तरतूद होती. परंतु बंदीमुळे ज्याचे उत्पन्न बुडेल त्याच्या निर्वाहाची कोणतीही तरतूद त्यात नव्हती.

त्या काळी सातारा हा ब्रिटिश जिल्हा होता, तर सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व संस्थानी मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे ‘सांगली’ असे नामकरण झाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांची कुस्तीपरंपरा एकाच मुशीतून घडलेली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळील गोळेश्वरचे. हिंदकेसरी मारुती माने हे सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे. पलूस तालुक्यातील कुंडलचे मैदान आजही मल्लांना मानाचे वाटते.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने हाच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. आदेशभंगाबद्दल तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ चा आधार होता. एकशे तेवीस वर्षांनंतरही कायद्याचा मूळ सांगाडा तोच राहिला होता.

गोव्यातील प्रयोग

इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात संपूर्णपणे गोव्यात झाला. अकरा संघांचे ११५ सामने फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील तीन मैदानांवर प्रेक्षकांविना खेळविण्यात आले. प्रत्येक संघाचे निवासस्थान व सरावाचे मैदान ठरवून दिलेले होते. वारंवार चाचण्या होत आणि बाहेरच्या व्यक्तीशी संपर्क वर्ज्य होता. या बंदिस्त व्यवस्थेलाच ‘बायो-बबल’ म्हटले गेले.

ही शिस्त केवळ खेळाडूंच्या सद्बुद्धीवर अवलंबून नव्हती. खेळाडू करारबद्ध होते, त्यांचा निवास, आहार व वैद्यकीय खर्च संघ व आयोजक उचलत होते आणि नियमपालन हा नोकरीचाच भाग झाला होता. रिकाम्या मैदानातील सामन्यालाही प्रक्षेपणाचे उत्पन्न होते. नियम मोडल्यास गमावण्यासारखे पुष्कळ होते आणि पाळल्यास खेळ व वेतन दोन्ही सुरू राहत होते.

तरीही ही व्यवस्था अभेद्य नव्हती. जर्मनीत मे २०२० मध्ये हर्था बर्लिनच्या सालोमन कालू याने सहकाऱ्यांशी हस्तांदोलन करतानाची चित्रफीत प्रसारित केली आणि संघाने त्याला निलंबित केले. मे २०२१ मध्ये एएफसी चषकासाठी मालदीवला गेलेल्या बंगळूरू एफसीच्या पथकातील काहींनी नियमभंग केला. मालदीवच्या क्रीडामंत्र्यांनी संघाला देश सोडण्यास सांगितले, संघमालकांना जाहीर माफी मागावी लागली आणि तेथील सामने पुढे ढकलले गेले. जानेवारी २०२२ मध्ये तर गोव्यातील बबलमध्येच संसर्ग शिरला व अनेक सामने लांबणीवर पडले. वेतनाची हमी नियमपालनाला पोषक असली, तरी ती पुरेशी नाही, हेच यातून दिसते.

सातारा-सांगलीतील कुस्ती

मार्च २०२० च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील तत्कालीन इस्लामपूर येथे परदेशप्रवासाहून परतलेल्या एका कुटुंबातून संसर्ग पसरला आणि हे गाव राज्यभर चर्चेत आले. कठोर विलगीकरण व संपर्कशोध यांमुळे तेथील साखळी तुटली. त्यामुळे निर्बंधांची आवश्यकता या परिसराला वेगळी पटवून द्यावी लागली नाही.

परंतु देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, हाच गुढीपाडव्याचा दिवस होता. चैत्र-वैशाख हा गावोगावच्या यात्रांचा काळ आणि यात्रेचे मैदान हा मल्लाच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा आधार. दूध, तूप, बदाम यांचा खुराक वर्षभर चालतो. इनामाची रक्कम मात्र हंगामातच हाती येते. २०२१ मध्येही एप्रिलमध्येच राज्यात कडक निर्बंध आले. अशा प्रकारे लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले. त्यातच ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठच्या शेतीचेही नुकसान केले. मल्लाच्या खुराकाचा भार बहुधा याच शेतीवर असतो.

खेळाचे स्वरूपही नियमांच्या विरोधात जाणारे होते. सुरक्षित अंतर हा नियम, तर अंगाला अंग भिडविणे हीच कुस्ती. २०२० च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय पातळीवर सरावास मुभा देताना संपर्काच्या खेळांत प्रत्यक्ष झुंजीचा सराव वगळण्यात आला. जोर, बैठका, दोरावर चढणे एकट्याने शक्य होते. जोडीशिवाय डाव मात्र घोटता येत नाही.

प्रेक्षकांविना खेळण्याची सवलतही मल्लाच्या उपयोगाची नव्हती. गावचे मैदान लोकवर्गणीवर उभे राहते आणि इनाम गर्दीतूनच येते. फुटबॉलमध्ये प्रेक्षक वजा करता येतो. मैदानी कुस्तीत प्रेक्षक वजा केला की कुस्तीच उरत नाही.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. निवासी तालीम ही मुळातच एक बंदिस्त व्यवस्था आहे. पहाटेचा व्यायाम, ठरलेला आहार, बाहेरच्या जगाशी मोजका संबंध आणि वस्तादाचा शब्द अखेरचा, ही तिची चौकट बबलहून फार निराळी नाही. नियमित चाचण्या व खुराकाची सोय झाली असती, तर मोजक्या तालमी तशाच चालविणे अशक्य नव्हते. लहानशी बंद जागा आणि सामाईक माती यांमुळे धोका होताच, परंतु धोका गोव्यातही होता. फरक एवढाच की, तेथे धोक्याची किंमत मोजणारी संस्था होती. येथे तालमी बंद ठेवून पोरांना घरी पाठविणे हाच एकमेव उपाय उरला.

बंदी प्रत्येक वेळी पाळली गेली असेही नाही. वाई तालुक्यातील बावधनची बगाड यात्रा २०२१ च्या रंगपंचमीला मनाई असतानाही निघाली आणि पोलिसांनी गुन्हे नोंदविले. दुसरीकडे अनेक गावांनी केवळ पूजाअर्चा करून यात्रा आटोपत्या घेतल्या. अंमलबजावणीचे खरे बळ पोलिसांइतकेच गावाच्या सामूहिक निर्णयात होते, हे या दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

निर्बंधांनंतर

राज्यातील निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, पुन्हा गुढीपाडव्यालाच, पूर्णतः उठविण्यात आले आणि लगोलग ५ एप्रिलपासून साताऱ्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात हर्षवर्धन सदगीर विजयी झाल्यानंतर ही स्पर्धा झालीच नव्हती. ९ एप्रिलला कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला नमवून गदा पटकावली. पुढे मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली व सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. परंपरा टिकली, हे खरे. मात्र विजेत्यांची नोंद इतिहासात राहते. उमेदीची दोन वर्षे गमावून लंगोट खुंटीला टांगणाऱ्यांची नोंद कोठेच होत नाही.

निष्कर्ष

साथनियमांचे पालन हा केवळ शिस्तीचा प्रश्न नसून तो खर्चाच्या वाटणीचाही प्रश्न आहे. गोव्यात नियमासोबत निर्वाहाची हमी आली, म्हणून नियम पुष्कळ अंशी टिकले. सातारा-सांगलीत फक्त मनाई आली आणि तिचा सारा भार मल्ल व त्याच्या शेतकरी कुटुंबाने उचलला. १८९७ च्या कायद्यातील मूळ उणीव हीच होती आणि २०२० मध्येही ती कायम राहिली. पुढील साथ कधी येईल हे सांगता येत नाही. परंतु बंदीचा आदेश काढतानाच ज्याची कमाई थांबणार आहे त्याच्या खुराकाचा विचार झाला, तर आदेश पाळला जाण्याची शक्यता निश्चितच वाढेल.