चांदोरचा ब्रागांझा वाडा

गोव्याच्या सासष्टी प्रांतांतील चांदोर म्हणजे कदंब राजांची जुनी राजधानी चंद्रपूर होय. तेथील चर्चच्या चौकालगत ब्रागांझा घराण्याचा लांबलचक वाडा उभा आहे. वाडा एक, वारसशाखा मात्र दोन. म्हणून त्याचे दोन भाग झाले असून घराण्यांतील माणसेंच पाहुण्यांस दालनें दाखवीत आलीं आहेत.

पूर्वेकडील भागांत खासगी प्रार्थनामंदिर असून तेथें संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नखाचा अवशेष भक्तीनें जपला आहे. पश्चिमेकडील भाग लुईस द मेनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांच्या शाखेचा. तेथील ग्रंथालयांत सुमारें पांच हजार ग्रंथ आहेत. १९०० सालीं ‘ओ एराल्दो’ हें दैनिक काढण्यांत त्यांचा वाटा होता. १९११ सालीं त्यांनीं ‘ओ देबाते’ सुरू केलें. आणि १९३० सालीं पोर्तुगीज वसाहत कायद्याविरुद्ध उभे राहून गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. त्यांचीं धर्मविषयक मतें आम्हां भाविकांस पटणारीं नव्हतीं, हें येथें लपवीत नाहीं. तथापि एकाच छपराखालीं तो अवशेष आणि ते ग्रंथ दोन्ही राहिले, हें पाहून आम्ही बराच वेळ स्तब्ध उभे होतों.

गोव्याचा पाऊस लांकडास व कागदास सोडीत नाहीं. डागडुजीस पाहुण्यांच्या देणगीचा आधार होतो. ती मात्र दोन्ही दारीं निरनिराळी द्यावी लागते.