‘पोलीस’ या नावाचे अवशेष : जर्मन संग्रहवस्तू आणि जालन्याचा १९४८ चा पुरावा

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रांस अग्रमान देण्याची आपली परंपरा आहे. बिल्ला, टोपी, कमरपट्टा, ओळखपत्र यांसारख्या वस्तूंकडे अभ्यासक बहुधा कौतुकाने पाहतो. साधन म्हणून त्यांची उलटतपासणी करीत नाही. या वस्तू लहान, टिकाऊ व विक्रीस सोयीच्या असतात. त्यामुळे त्या लवकर हात बदलतात आणि प्रत्येक हस्तांतराबरोबर मूळ धारकाविषयीची माहिती क्षीण होत जाते. वस्तू पोलीस दलाची असली म्हणजे आणखी एक अडचण उद्भवते. ‘पोलीस’ हा शब्द शांततेच्या काळातील नित्य बंदोबस्त सुचवितो आणि त्या नावाखाली युद्धकाळात जे घडले ते झाकून टाकतो. प्रस्तुत लेखात याच अडचणीचा विचार दोन उदाहरणांच्या आधारे केला आहे. पहिले दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पोलिसांच्या संग्रहवस्तूंचे, दुसरे जालना परिसरातील १९४८ च्या अवशेषांचे.

जर्मनीत पोलीस खाते पूर्वी निरनिराळ्या घटक राज्यांच्या अखत्यारीत होते. १७ जून १९३६ रोजी हाइन्रिख हिमलर याची संपूर्ण जर्मन पोलिसांचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. एस. एस. संघटनेचे नेतृत्व त्याच्याकडे आधीपासूनच होते. त्यानंतर खात्याचे दोन भाग पाडण्यात आले. गणवेशधारी ‘सुव्यवस्था पोलीस’ कुर्ट डाल्युगे याच्याकडे गेले. गुप्त पोलीस व गुन्हे अन्वेषण हे ‘सुरक्षा पोलीस’ राइनहार्ड हायड्रिख याच्याकडे आले. आज संग्राहकांच्या बाजारात जे येते त्याचा मोठा भाग यांपैकी पहिल्या शाखेचा आहे. ओकच्या पानांच्या वेढ्यात स्वस्तिकधारी गरुड असलेले चिन्ह, ‘शाको’ नावाची उंच टोपी, ‘ईश्वर आमच्यासह’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेले पट्ट्याचे बक्कल, आणि १९३८ मध्ये सुरू झालेली ८, १८ व २५ वर्षांच्या सेवेची पदके, या त्यांतील प्रमुख वस्तू होत.

या वस्तूंविषयी संग्राहकांनी मिळविलेले ज्ञान तुच्छ लेखण्याजोगे नाही. गणवेशाच्या कडेचा रंग हिरवा असेल तर तो शहरी संरक्षक पोलिसांचा, नारिंगी असेल तर ग्रामीण जेंडार्मरीचा, मद्यवर्णी लाल असेल तर लहान नगरपालिकांच्या पोलिसांचा, हे ते एका दृष्टिक्षेपात सांगतात. बनावट माल ओळखण्याच्या त्यांच्या कसोट्याही उपयुक्त आहेत. जंबुपार किरणांखाली एखाद्या बिल्ल्याचा धागा निळसर पांढरा चमकला, तर त्यात युद्धोत्तर काळात प्रचारात आलेली उजळक रसायने असल्याचा संशय बळावतो. सारांश, वस्तू कोणत्या काळाची व कोणत्या शाखेची, या प्रश्नांची उत्तरे हे शास्त्र बऱ्याच अंशी देते. परंतु ज्याने ती वस्तू अंगावर घातली त्याने त्या वेळी काय केले, या प्रश्नाशी ते येऊन थांबते.

हा प्रश्न किती मोठा आहे हे हांबुर्ग येथील राखीव पोलीस बटालियन क्रमांक १०१ च्या वृत्तान्तावरून कळते. सुमारे ५०० माणसांची ही तुकडी जून १९४२ मध्ये पोलंडमधील लुब्लिन प्रांतात पाठविण्यात आली. तीत बहुसंख्य मध्यमवयीन, कामगार व कनिष्ठ मध्यम वर्गांतील गृहस्थ होते. १३ जुलै १९४२ रोजी युझेफुव्ह या गावी त्यांनी सुमारे १५०० यहुद्यांना, स्त्रिया, मुले व वृद्धांसह, गोळ्या घातल्या. त्या सकाळी त्यांचा प्रमुख विल्हेल्म ट्राप याने, ज्यांना हे काम झेपणार नाही अशा वयस्क माणसांनी बाजूला व्हावे, असे सांगितले होते. त्या वेळी पुढे आलेल्यांची संख्या डझनाच्या आसपास होती. पुढील सोळा महिन्यांत या एकाच बटालियनने किमान ३८,००० माणसे मारली आणि ४५,००० माणसांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाड्यांत चढविण्यात भाग घेतला. डिसेंबर १९४८ मध्ये ट्रापला पोलंडमध्ये फाशी देण्यात आले.

युद्धोत्तर न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाने एस. एस. व गेस्टापो यांना गुन्हेगार संघटना ठरविले. सुव्यवस्था पोलिसांना तसे ठरविले नाही. ‘हिरव्या गणवेशातील पोलीस आपले नित्याचे काम करीत होते’ हा समज दीर्घकाळ टिकण्यास या निर्णयाचाही हातभार लागला असावा. बाजारात पोलिसांचे चिन्ह एस. एस. च्या चिन्हापेक्षा निरुपद्रवी भासते, त्याच्या मुळाशी हाच समज आहे. तो मोडला तो वस्तूंनी नव्हे. १९६० नंतरच्या दशकात हांबुर्गच्या सरकारी अभियोक्त्यांनी या बटालियनमधील २१० माणसांचे जबाब नोंदविले. त्या जबाबांवर ख्रिस्तोफर ब्राउनिंग याने १९९२ साली आपला ‘ऑर्डिनरी मेन’ हा ग्रंथ रचला. २०११ मध्ये बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाने नाझी राजवटीतील पोलिसांवर प्रदर्शन भरविले. वस्तू मूक असते; तिच्या धारकाचे नाव, तुकडी, स्थळ व दिनांक शेजारी ठेवले तरच तिला वाचा फुटते, हा या उदाहरणाचा बोध आहे.

आता जालन्याकडे वळू. या दोन प्रसंगांची नैतिक बरोबरी करणे हा येथे हेतू नाही. जर्मनीतील संहार ही स्वतंत्र कोटीतील घटना आहे. साम्य आहे ते साधनांच्या अडचणीचे. १९४८ साली जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हा मुलूख हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होता. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. भारत सरकार व निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला, पण तो टिकला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ रोजी निजामाने माघार घेतली व १८ रोजी त्याचा सेनापती एल् एद्रूस याने मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. औरंगाबादच्या बाजूने आलेल्या फौजेने जालना घेतले व तेथे गुरखा सैनिकांची एक कंपनी ठेवून ती पुढे सरकली. रणगाडे व विमाने वापरलेल्या या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ हे नाव मिळाले. हैदराबादने २१ ऑगस्ट रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली असताना, हा देशांतर्गत बंदोबस्ताचा प्रश्न आहे, हे त्या नावातून सूचित होत होते. मराठवाड्याच्या बोलीत ते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून रुळले.

परिणामी या भागात ‘पोलिसांची वस्तू’ म्हणून जी दाखविली जाईल ती किमान चार प्रकारची असू शकते : निजामी कोतवालीच्या अमिनाची वा जवानाची, पोलीस नसूनही शस्त्रे बाळगून फिरणाऱ्या रझाकाराची, ‘पोलीस कारवाई’त आलेल्या भारतीय सैनिकाची, किंवा त्यानंतरच्या लष्करी प्रशासनाखालील पोलिसाची. खाकी कापड या चौघांत भेद करू देत नाही. कागद जोडलेला असेल तर मात्र एक निश्चित कसोटी हाती येते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होत असे. १३५७ फसली हे वर्ष ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे होते. म्हणजे शरणागतीनंतर तीन आठवड्यांच्या आत १३५८ लागले. नव्या प्रशासनातही फसली सन चालू राहिला. १५ ऑगस्ट १९४९ चा जहागिरी निर्मूलनाचा कायदा १३५८ फसलीचाच आहे. म्हणून उर्दू लिपी व फसली सन पाहून कागद ‘निजामी’ ठरविणे धोक्याचे आहे. प्रथम वर्षाचा अंक वाचला पाहिजे.

हा भेद केवळ सूचीकाराच्या सोयीचा नाही. कारवाईपूर्वी रझाकारांनी मराठवाड्याच्या खेड्यांत केलेले अत्याचार स्मृतीत आहेत व दरवर्षी १७ सप्टेंबरला त्यांचे स्मरण होते. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले त्याचे स्मरण तेवढ्या उघडपणे होत नाही. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात व नंतर एकंदर किमान २७,००० ते ४०,००० माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज दिला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांतील मृतांची संख्या तिने किमान ५,००० धरली. तत्कालीन जालना या औरंगाबादच्या आकड्यात समाविष्ट होते. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. अशा स्थितीत एखाद्या घरात राहिलेली तलवार रझाकाराकडून हिसकावून घेतलेली की शेजाऱ्याच्या लुटलेल्या घरातून आलेली, या एका तपशिलावर तिचा संपूर्ण अर्थ उलटतो. बाजारात ती ‘निजामकालीन’ म्हणून विकली गेली की तो तपशील कायमचा नष्ट होतो.

यास्तव क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळावीत. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. डाग, टाके व झीज हाही पुरावाच आहे. ती कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या साली घरात आली, हे घरच्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे, आणि स्वतःचे अनुमान निराळ्या रकान्यात नोंदवावे. ऐकीव व प्रत्यक्ष पाहिलेले यांची गल्लत होऊ देऊ नये. त्या काळी जाणती असलेली पिढी आज जवळजवळ सरली आहे. त्यांच्या मुला-सुनांनी जे ऐकले तेही दुसऱ्या हातचे साधन म्हणून मोलाचे आहे. जेथे कुटुंबास संकोच किंवा भय वाटते तेथे नाव गुप्त ठेवावे. पण गाव व काळ सोडू नये. वस्तू विकत घेण्याचा मोह टाळावा, कारण किंमत मोजली की गोष्टही ग्राहकाच्या आवडीप्रमाणे घडू लागते.

जर्मनीत फिर्यादी यंत्रणेने, उशिरा का होईना, बिल्ला व माणूस यांची फारकत मिटविली. १९४८ च्या मराठवाड्यासाठी तसे जबाब हांबुर्गप्रमाणे तुकडीवार नोंदविले गेले नाहीत. म्हणूनच येथे घराघरांतील वस्तू व तिच्यासोबतची तोंडी हकीकत यांचे मोल अधिक आहे. त्यांपैकी वस्तू पुष्कळ काळ टिकेल, हकीकत टिकणार नाही; तेव्हा लेखणी आधी तिकडे वळविली पाहिजे.