पेनिसिलिन आणि प्रथिनांची हालचाल

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील देशातील पहिली औषध कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जिवाणूंची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून हे औषध त्यांचे काम बंद पाडते. मात्र काही जिवाणू त्याला दाद देत नाहीत. 'एमआरएसए' या जिवाणूच्या अशा एका प्रथिनात औषध बसण्याची खाच एरवी मिटलेली असते; भित्तिकेचा अंश प्रथिनावर दूरच्या जागी टेकला, की ती उघडते. औषधाचा परिणाम प्रथिनाच्या आकाराइतकाच त्याच्या हालचालीवरही अवलंबून असतो, तो असा.

ही हालचाल अभ्यासण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटशास्त्र, अर्थात एनएमआर. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली अणुकेंद्रे रेडिओलहरींनी विचलित होतात. ती पूर्वस्थितीत येण्यास लागणाऱ्या वेळावरून रेणूच्या त्या भागाची चंचलता कळते. स्टॅनफर्ड येथे १९५१ मध्ये मद्यार्कातील हायड्रोजनचे तीन वेगवेगळे संकेत दाखविणाऱ्या तिघांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच या शाखेचा पाया घातला.

या पद्धतीत एक अडचण होती. पाण्यातील लहान प्रथिन काही नॅनोसेकंदांतच गिरक्या घेते. त्याहून मंद अशा, मायक्रोसेकंदापर्यंतच्या अंतर्गत हालचाली त्या गिरक्यांत झाकल्या जातात. वेगाने फिरणाऱ्या आकाशपाळण्यातील माणसाने सावकाश हात हलविला, तर तो खालून ओळखू येत नाही, तसेच हे.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात राफाएल ब्रुश्वायलर यांच्या गटाने यावर उपाय शोधला व २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. द्रावणात सिलिकाचे नॅनोकण मिसळले, की प्रथिनाचे रेणू त्यांना क्षणभर चिकटतात आणि सुटतात. कण मोठा असल्याने तेवढ्यापुरती गिरकी मंदावते. सुटलेल्या रेणूच्या संकेतांत त्या क्षणाचा ठसा उरतो. कणांसह व कणांविना घेतलेली मोजमापे ताडून पाहिली, की पूर्वी न दिसणाऱ्या हालचाली उमगतात.

अर्थात, प्रथिनाचे कणाशी चिकटणे सैल हवे आणि त्याने प्रथिनाची घडी बिघडता कामा नये. प्रत्येक प्रथिनाबाबत ही खात्री करून घ्यावीच लागते. परंतु औषधाला जागा देणारी खाच कधी उघडते आणि किती वेळ उघडी राहते, हे कळल्यास नव्या प्रतिजैविकांच्या शोधाला निश्चित दिशा मिळू शकेल.