कोलू पाटलाचं पाणी
आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात माणूस देव होतो तो तलाव बांधून. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला, असं सांगतात. पाळीजवळ तो आज कोलासूर देव म्हणून पुजला जातो. भोवतीच्या टेकड्या सातबहिणी, त्यांनीच बांधकामाला हात दिला म्हणे! मला मात्र श्रेय द्यावंसं वाटतं ते तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या नजरेला: दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी उतारानेच धानाच्या बांध्यांत सोडायचं. धान कोहळ्यांचं, मासे-शिंगाडे मासेमार ढिवरांचे. दर उन्हाळ्यात गाळ निघे. राबणाऱ्यांत वेठीचेही हात असत, हे आमचे म्हातारे सहसा सांगत नाहीत.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले, पण मामाच्या घरचा गाळ काढायचा कोणी? कित्येक बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, बेशरमाचं तण माजलं. तरी जिल्ह्यातल्याच गोंदिया तालुक्यातल्या तळ्यांवर आणि धानाच्या बांध्यांत सारस अजून उतरतात. शेतकरी त्यांच्या घरट्याभोवतीचं धान उभं ठेवतो, नुकसानीबद्दल कुरकुरत का होईना.