संगणकांच्या जाळ्यांची मांडणी

ज्या गांवाला एकच पूल, त्या गांवाचा बाजार पुराच्या दिवशीं भरत नाहीं. दुसरा पूल बांधावा, तर खर्च दुप्पट. संगणकांची जाळीं विणणाऱ्यांपुढें हाच पेंच होता.

१९६४ सालीं अमेरिकेंतील रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांनीं त्याचा पद्धतशीर विचार प्रसिद्ध केला. अण्वस्त्रांचा हल्ला झाला तरी संदेशवहन चालूं राहावें, ही त्यांची चिंता. सर्व तारा एका केंद्रास जोडल्यास तार थोडी लागते. पण केंद्र पडलें कीं सारें जाळें मुकें होतें. उलटपक्षीं, प्रत्येक यंत्र प्रत्येकाशीं थेट जोडावें, तर दहा यंत्रांना ४५ आणि शंभरांना ४,९५० जोड लागतात. बॅरन यांनीं मधला मार्ग दाखविला. कोळ्याच्या जाळ्यासारखी वीण घालून, किमान लागणाऱ्या जोडांच्या सुमारें तिप्पट जोड दिले, तरी जाळें फार चिवट होतें, असें त्यांचें गणित होतें.

एका इमारतीपुरता विचार करतां खर्चाची काळजी मोठी ठरली. १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं 'ईथरनेट' रचण्यास आरंभ केला. एकच तार सर्वत्र फिरवावयाची आणि सर्व यंत्रांनीं तिच्यावरच बोलावयाचें. मांडणी स्वस्त खरी. पण दोन यंत्रें एकदम बोललीं कीं संदेशांची टक्कर होई, आणि तार एके ठिकाणीं तुटली तरी सर्वांचें काम अडे.

१९८५ सालीं आय.बी.एम. कंपनीनें 'टोकन रिंग' बाजारांत आणली. तींत बोलण्याचा परवाना वलयांत फिरे व प्रत्येकास पाळी मिळे. टक्कर टळली, परंतु एक सांधा निखळल्यास फेरीच खुंटावयाची, म्हणून बिघडलेलें यंत्र वगळणारी पेटी मध्यें बसवावी लागली.

१९९० सालीं टेलिफोनसारख्या पिळाच्या तारांवरील ईथरनेटचें प्रमाण ठरलें. त्यांत प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तार मधल्या पेटीकडे जाते. तार अधिक लागते. पण ती तुटल्यास एकच मेज अडतें, व दोष कोठें आहे तें चटकन् कळतें. आज कचेऱ्यांतून हीच मांडणी रूढ आहे. मात्र ती पेटीच बिघडली, तर बॅरन यांनीं दाखविलेला जुना दोष पुन्हा उभा राहतो. म्हणूनच जेथें क्षणाचाही खोळंबा परवडत नाहीं, तेथें पेट्या दोन व वाटाही दोन ठेवतात. दुसऱ्या पुलाचा खर्च पूर येईपर्यंतच जड वाटतो.