हौशी खगोल-छायाचित्रण आणि प्रतिमासंस्करण : देवयानी दीर्घिकेच्या दोन छायाचित्रांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

छायाचित्र हे इतिहासलेखनाचे एक विश्वसनीय साधन मानले जाते. आकाशाचे छायाचित्र मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याची नक्कल नसते. तासन्‌तास साठविलेला मंद प्रकाश आणि त्यावर नंतर केलेले संस्करण यांतून ते सिद्ध होते. असे छायाचित्र, तेही हौशी निरीक्षकाने घेतलेले, पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे? देवयानी दीर्घिकेच्या १८८८ व २०२२ मधील दोन छायाचित्रांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

काचपट्टीचा काळ

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचपट्टीची पद्धत मांडली. तत्पूर्वीची ओली पट्टी काही मिनिटांतच वाळून निकामी होई. कोरडी पट्टी पुढे तासन्‌तास उघडी ठेवता येऊ लागली. १८८० मध्ये अमेरिकेतील वैद्यकाचे पदवीधर हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे प्रकाश साठवून मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील अभियंते अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे घेतलेले छायाचित्र त्याहून कितीतरी सरस ठरले.

याच परंपरेत आयझॅक रॉबर्ट्स येतात. बांधकाम व्यवसायात स्थिरावलेल्या रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये लिव्हरपूलजवळ २० इंची परावर्तक दुर्बिणीतून देवयानीचे छायाचित्र घेतले. तीत त्या ज्योतीची सर्पिल रचना स्पष्ट झाली. ही एक घडत असलेली सूर्यमाला असावी, असा अर्थ तेव्हा लावला गेला. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानीत शोधलेल्या रूपविकारी ताऱ्यामुळे ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. अर्थ चुकीचा ठरला. छायाचित्र मात्र खरे ठरले. याचे एक कारण रॉबर्ट्स यांच्या शिस्तीत आहे. १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संग्रहात त्यांनी छायाचित्रांसोबत दिनांक व प्रकाश साठविण्याचा कालावधी नोंदविला.

संगणकाचा काळ

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी संवेदकाची कल्पना मांडली. पुढे असे संवेदक हौशी निरीक्षकांच्या आवाक्यात आले आणि अंधाऱ्या खोलीतील काम संगणकावर होऊ लागले. अनेक प्रतिमा एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढली की यादृच्छिक दोष कमी होतात. दुर्बिणीचे झाकण लावून घेतलेल्या प्रतिमा वजा करून कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष दूर करतात. त्यानंतर मंद भाग उजळविला जातो.

२०२२ मध्ये फ्रान्समधील यान सेंटी यांनी अवघ्या १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून देवयानीच्या दिशेचा प्रकाश अनेक रात्री साठविला. मार्सेल ड्रेक्स्लर व झाविए स्ट्रॉटनर या हौशी अभ्यासकांच्या सहकार्याने केलेल्या संस्करणात देवयानीशेजारी आयनीभूत ऑक्सिजनच्या प्रकाशाचा एक विस्तीर्ण, पूर्वी अज्ञात असलेला कंस दिसला. तो दुर्बिणीतील परावर्तनाचा किंवा संस्करणाचा दोष असण्याची शंका रास्त होती. म्हणून इतर दुर्बिणी व कॅमेऱ्यांनी पडताळा घेण्यात आला आणि २०२३ मध्ये व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसह हा शोध प्रसिद्ध झाला. कंस देवयानीपाशी आहे की आपल्याच आकाशगंगेत, याविषयी पुढे मतभेद झाले. त्याच्या अस्तित्वाचा प्रश्न त्याहून वेगळा होता आणि तो पडताळ्याने सुटला होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, संस्करण हा छायाचित्रावर चढविलेला केवळ साज नसून पुराव्याच्या घडणीचा भाग आहे. ते केले म्हणून छायाचित्र अग्राह्य ठरत नाही. ते लपविले तर ठरते. अन्वयार्थ काळानुसार बदलतो, परंतु मूळ प्रतिमा आणि तिच्यावरील प्रत्येक क्रियेची नोंद जपलेली असेल, तर पुढील पिढीला नवा अर्थ लावता येतो. महाविद्यालयीन खगोल मंडळांनी आकर्षक अंतिम चित्राइतकेच मूळ प्रतिमांच्या व नोंदींच्या जतनाला महत्त्व द्यावे. तसे झाल्यास विद्यार्थ्यांच्या छंदातून भावी अभ्यासकांसाठी साधनसामग्री निर्माण होऊ शकेल.